मास्तरांच्या फुंकरीला लाल दिवा

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बस डेपोतले. सत्तावीस वर्षं स्टिअरिंग हातात आणि गाडीला साधा ओरखडा नाही. डेपोतल्या निम्म्या ड्रायव्हरांना गाडी यांनीच शिकवलेली. शिकवताना अशा शिव्या घालत की शिकणाऱ्याला बापाचं नाव आठवणार नाही, पण क्लच विसरणार नाही. म्हणून मास्तर.

या डेपोत एक पद्धत आहे. ड्युटीवर चढण्याआधी प्रत्येकाने गेटवरच्या खिडकीशी उभं राहायचं आणि दारू तपासायच्या यंत्रात फुंकायचं. यंत्राला सगळे फुंकणी म्हणतात आणि ती धरणाऱ्या बाईंना फुंकणीताई. ताईही रागावत नाहीत. "चुलीपुढची सुटली तर ही गळ्यात पडली," म्हणतात. पहिली फुंकर मास्तरांची. तिला नाव बोहनी. मास्तरांची बोहनी झाल्याशिवाय रांग हलत नाही. अकरा वर्षं बोहनी शून्याची. इतकी की यंत्र नीट चाललंय की नाही हेसुद्धा मास्तरांच्या शून्यावरून ठरायचं. घोळ नेमका तिथेच होता.

सणासुदीचे दिवस होते. गेल्याच आठवड्यात मास्तरांच्या हाताखाली शिकलेला लंबू फुंकणीत अडकला होता. आकडा होता फक्त पाच, पण डेपोत शून्याच्या वर काही चालत नाही. मास्तरांनी सगळ्यांदेखत त्याचा बिल्ला काढून घेतला होता. "चाळीस माणसं मागे बसतात तुझ्या, गोण्या नाही! जा घरी!" साडेसहा फुटांचा गडी खाली मान घालून गेला होता.

आणि काल रात्री लेकीच्या घरी बैठक बसली. आता मास्तर काही सोवळे नव्हेत, तसं त्यांनी कधी सांगितलंही नाही. पण पिऊन गाडीला हात लावणारा त्यांच्या लेखी माणसात जमा नाही. म्हणून जाताना स्कूटर घरीच ठेवली, येताना रिक्षा केली. नात सोबत आली, कारण तिचा स्केटिंगचा क्लास आजोबांच्या घराजवळ. तिचं नाव भुंगा, कारण ती सतत काहीतरी गुणगुणत असते. मास्तरांचे पेग झाले चार. पाचवा व्याह्यांच्या आग्रहाचा, रात्री एक वाजता. "अहो, उद्याचं उद्या!" म्हणाले व्याही.

उद्या पाच वाजता उजाडलं. मास्तरांनी गार पाण्याने आंघोळ केली, दोन कप चहा घेतला. डोकं कसं, धुतलेल्या काचेसारखं. भुंग्याला स्कूटरवर मागे बसवलं, "घट्ट धर गं," म्हणाले, साडेसहाला मैदानावर सोडलं आणि डेपोत आले. रात्री एकही नियम मोडला नव्हता. कोणी बोट दाखवावं अशी जागाच ठेवली नव्हती.

खिडकीशी गेले. फुंकलं.

फुंकणी किंचाळली. लाल दिवा. एकतीस.

रांगेत कोणीतरी हसलं. मग हसणं अर्ध्यातच थांबलं.

"बिघडली वाटतं," फुंकणीताई म्हणाल्या आणि यंत्र तळहातावर आपटू लागल्या.

"बिघडलीच!" मागून लंबू म्हणाला. "मास्तरांना लाल दाखवते म्हणजे हिचीच तपासणी करा आधी."

सगळ्यांनी माना हलवल्या. ताईंनी दुसरी नळी लावली आणि लंबूला फुंकायला लावलं. शून्य. त्याच्या मागच्याने फुंकलं. शून्य. ताईंनी स्वतः फुंकलं. शून्य. मास्तरांनी खळखळून चूळ भरली, पंधरा मिनिटं बाकावर बसले, मग पुन्हा उभे राहिले. तीस.

"अहो, पण मी झोपलो होतो!" मास्तर म्हणाले. आवाज चढला होता, पण कोणावर चढवावा ते कळत नव्हतं. "रिक्षाने आलो घरी! आंघोळ केली!"

"मास्तर," ताई हळूच म्हणाल्या, "आंघोळ बाहेरून होते हो."

एरवी या वाक्यावर पोरांनी डेपो डोक्यावर घेतला असता. आज सगळे त्या आकड्याकडे बघत राहिले.

झोपलं की उतरते, चहाने उतरते, लिंबाने उतरते, हे आपल्याला कोणी शिकवलं? कोणीच नाही. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. सत्तावीस वर्षांचा अनुभवी माणूसही त्यावर विसंबून सकाळी चावी फिरवून मोकळा झाला. दारू शरीरातून जायला तिचा वेळ घेते. तुम्ही घोरताय की जागे आहात, तिला काय त्याचं? उशिरापर्यंत रिचवलेले पाच पेग पाच वाजताच्या गजराने कसे जातील?

लंबू खिडकीत वाकला. "ताई, वहीत 'तब्येत बरी नाही' लिहा. मास्तर घरी जातील. विषय संपला."

ताईंनी पेन उचललंही. मास्तरांचा सगळा मान त्या एका ओळीत वाचणार होता. कोणाला कळणार नव्हतं. आणि तेवढ्यात मास्तरांची नजर बाहेर लावलेल्या स्कूटरवर गेली. ते बाकावर बसले नाहीत, कोसळले.

"मास्तर? पाणी देऊ?"

"भुंगा," मास्तर म्हणाले. "मी आत्ता भुंग्याला घेऊन आलो. मोठ्या चौकातून. स्कूटरवर. मागे बसवून."

ताईंनी पेन खाली ठेवलं.

"एकतीस लिहा, ताई. आकड्यात लिहा." मग लंबूकडे बघून म्हणाले, "तुला पाचवर घालवला होता मी."

त्यांनी फोन काढून लेकीला लावला. "अगं, ऐक. मला इथे लाल लागलंय. कालची उतरलीच नव्हती. आणि मी पोरीला तसाच..."

पलीकडून लेक म्हणाली, "बाबा, हे आत्ताच गाडी घेऊन निघालेत तिला आणायला. येताना मला घेऊन तसंच हायवेला लागायचंय आम्हाला. आणि हे तर तुम्ही गेल्यावरही तीनपर्यंत बसले होते."

"फोन कर त्याला! थांबव!"

"गाडी चालवताना फोन उचलत नाहीत ते." लेकीचा आवाज फाटला. "नियम पाळतात."

मास्तर धावले ते स्कूटरकडे. चावी भोकापर्यंत गेलीसुद्धा. मग हात तिथेच थिजला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना गाडीची भीती वाटली, म्हणजे खरं तर स्वतःची.

"मास्तर, माझी पहिली फेरी मैदानावरूनच जाते," लंबू ओरडला. "चढा!"

मास्तर प्रवाशाच्या जागेवर बसले. पुढची दांडी धरून. प्रत्येक सिग्नलला त्यांचा पाय रिकाम्या फरशीवर ब्रेक दाबत होता. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे ते बघत होते. सकाळची वेळ, धुतलेले चेहरे, इस्त्रीचे शर्ट. यांतल्या कितीजणांच्या पोटात कालची रात्र असेल?

मैदानाच्या फाटकाशी जावयाची गाडी सुरूच होती. मागच्या सीटवर भुंगा, पट्टा लावलेली. गाडी हलली आणि मास्तर सरळ बॉनेटपुढे जाऊन उभे राहिले.

करकचून ब्रेक. जावई काच खाली करून ओरडले, "बाबा! काय करताय? लागलं असतं ना!"

"उतरा खाली. चावी द्या."

"अहो, झोप झालीय माझी. आंघोळ करून, लिंबूपाणी घेऊन निघालोय."

मास्तरांना वाटलं, कोणीतरी आपलंच तोंड जावयाला लावून बोलतंय.

"मीही आंघोळ करून निघालो होतो. एकतीस आला."

"तुम्ही? काहीतरीच. यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र नाही बिघडलं."

मागे गाड्या खोळंबल्या. हॉर्नवर हॉर्न. कोणीतरी म्हातारपणावरून एक सणसणीत शिवी घातली. रस्त्यावर शिवी ऐकून घेणारा माणूस नव्हे हा, पण मास्तर जागचे हलले नाहीत.

"मग पोरीला सकाळी इथे कोणी आणलं?" जावयांनी चिडून विचारलं. आणि विचारता विचारताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आरशातून मागे बघितलं. भुंगा गुडघ्यावरचं पॅड सोडत काहीतरी गुणगुणत होती.

"मी आणलं," मास्तर म्हणाले. "वाचली ती आज. माझ्यामुळे नाही वाचली. आपोआप वाचली."

जावयांनी इंजिन बंद केलं. चावी देता-घेता ती खाली रस्त्यावर पडली, आणि उचलायला दोघांपैकी कोणीच लगेच वाकलं नाही.