बिनक्लचची गाडी

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं नेला. त्याचं मला फार दुःख नव्हतं. राग होता तो काळ्या-पिवळ्या जिपांचा. वीस वर्षं मी त्यांतून हिंगोलीहून शाळेला गेलो. आधी माझी कुबडी आत जायची, मग मी, आणि तेवढ्यात "मास्तरला धरा रे" असा पुकारा व्हायचा. मदत करणाऱ्यावर उघड चिडता येत नाही, म्हणून मी रोज मनातल्या मनात चिडायचो.

परवान्याच्या कचेरीतले साहेब एकदा म्हणाले, "उजवा पाय धड आहे ना? मग बिनक्लचची गाडी चालवता येईल." एका मित्राच्या तशाच गाडीवर मी शिकलो, परवाना काढला. पण नवी ऑटोमॅटिक घेणं मास्तराच्या ऐपतीबाहेरचं. शेवटी नांदेडच्या दलालाकडे एकाच कंपनीच्या दोन जुन्या सिडान सापडल्या. आकारानं आटोपशीर, पण थाट असा की आत बसताना चपला काढाव्यात. एकीला पाच गिअर आणि क्लच. दुसरी ऑटोमॅटिक; दोनच पेडल आणि गिअरच्या दांड्याशेजारी पी, आर, एन, डी अशी अक्षरं. दलालानं दोन दिवसांची मुदत दिली. पटली नाही तर गाडी परत.

माझ्या मेहुण्याला ती ऑटोमॅटिक दोन मिनिटंही पटत नव्हती. तो ट्रॅक्टर चालवतो, म्हणजे सगळ्या गाड्यांतलं त्याला कळतं. "दाजी, क्लच न्हाई, मग ती गाडी कसली? बिघडली तर हिंगोलीत कोण बघंल? पाच गिअरवाली घ्या. मी चालवतो की, तुमी बसा आरामात."

आरामात बसायचंच होतं तर जीप काय वाईट होती! मी ऑटोमॅटिकची चावी उचलली. बायको शेजारी बसली, मेहुणा मागे तोंड पाडून.

वारंगा फाट्यावर एक ट्रक एकदम आडवा आला. मी ब्रेक दाबला आणि घाबरून चावीही बंद केली. पुन्हा फिरवली, तर काहीच नाही. शिकलेलं सगळं डोक्यातून साफ निघून गेलं होतं. मागे हॉर्न सुरू झाले. गाडी अडली की आमच्याकडे एकच औषध, धक्का. न बोलावता हॉटेलातून दहा माणसं धावली, मेहुणा त्यांचा म्होरक्या झाला. ढकलत ढकलत गाडी चहाच्या टपरीपर्यंत गेली आणि तिथंच ढिम्म उभी राहिली.

"म्हणलं व्हतं ना! उद्याच वापस करू," मेहुणा घाम पुसत म्हणाला.

मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. ही गाडी परत गेली असती, तर दुसरी आणायची हिंमत मला झाली नसती.

तेवढ्यात फाट्यावरचे म्हातारे मिस्त्री हात पुसत आले. तरुणपणी ते सौदीत गाड्या दुरुस्त करायचे, हे मागाहून कळलं. "काहून ढकलून राहिले रे हिला? ही धक्क्यानं चालू व्हत न्हाई," असं म्हणून त्यांनी खिडकीतून आत पाहिलं. "भाऊ, गाडी बराबर हाये. तुमचा दांडा डी वर राहिला, चालत्या गिअरात. तसं ही चालू व्हत न्हाई. ब्रेकवर पाय ठेवा, दांडा पार पुढं घ्या, पी वर. हां. आता मारा चावी."

गाडी चालू झाली. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसलो. टपरीवरचेही हसले.

"हे आधी सांगायला पायजे व्हतं कुणीतरी," मेहुणा पुटपुटला आणि मागे बसला.

कळमनुरी मागे पडली. कोणाला विचारावं लागत नव्हतं, कोणी धरत नव्हतं. मेहुण्यानंही परत करायचा विषय पुन्हा काढला नाही. गाडी आता माझीच होती. हे बायकोला सांगावं म्हणून शेजारी पाहिलं, तर ती झोपली होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण माझ्यासोबत प्रवासात तिचा डोळा लागलेला मी कधी पाहिला नव्हता. गचका बसला की मी पडेन म्हणून तिचा एक हात कायम माझ्या दंडाला असायचा. आज तो तिच्या स्वतःच्या मांडीवर मोकळा पडला होता.