मेलेल्या गाळाची टाकी

प्रयोगशाळेत तिला सगळे चाळणबाई म्हणत. खाडीचा गाळ बारीक चाळणीतून धुवायचा आणि त्यात उरलेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, हे तिचे काम. ज्या किनाऱ्यावरून तो गाळ येई, तिथेच तिचा नवरा पूर्वी शिंपल्या काढायचा. जहाजातले तेल सांडले, किनाऱ्याला बंदीचा दोर लागला आणि तो घरी बसला. आता दुपारी तिचा डबा घेऊन येई आणि टाक्यांसमोरच्या स्टुलावर बसून राही, आजारी माणसाच्या उशाशी बसावे तसा.

टाक्या दोन होत्या. दोन्हींत तोच तेलकट गाळ. पहिलीत तळाशी राहणारे किडे सोडले होते. ते बिळे खणत, बिळांतून हवा खाली जाई आणि तिच्या आधाराने डोळ्यांना न दिसणारे जंतू तेल खाऊन टाकत. दुसरीतला गाळ तुलनेसाठी आतल्या जिवांसकट गोठवून मारलेला. फरक स्पष्ट दिसला की किडे किनाऱ्यावर सोडायचे आणि पुढे दोर काढायचा, असे ठरले होते. घरात त्या दोराखेरीज दुसरा विषय नव्हता.

एके सकाळी मेलेल्या टाकीत तिला टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसले. ती पाहत असतानाच त्यातून गाळाचा धूर उसासला आणि शेजारी दुसरे भोक पडले. तिने चिमूटभर गाळ काचेवर घेतला. जिथे इतके महिने रिकाम्या कवचांखेरीज काही नव्हते, तिथे केसासारखे कृमी त्या कवचांत शिरत होते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडत होते. ओसाड घरांत कोणी परक्यांनी बिऱ्हाड थाटावे, तसे.

दुपारी तिने नवऱ्याला विचारले. त्याने आधी कानावर हात ठेवले. किडा काय, मुंगीही टाकली नाही म्हणाला. मग खाली बघत पुटपुटला, "पाणी घालायचो. रोज वाटीभर. फार एकटी वाटायची गं ती माती."

"कुठलं पाणी?"

"दोराच्या आतलं."

तिथे काही जगत नाही, असे सगळ्या तपासण्या सांगत होत्या. मग त्याचा चेहरा उजळला. टाकी पुन्हा गोठवली तर कोणाला कळणार आहे, असे त्याने हळूच सुचवले.

तिने त्याच दिवशी प्रमुखांना सांगितले. ते रागावले नाहीत. प्रयोग पहिल्यापासून करावा लागेल, एवढेच म्हणाले. म्हणजे दोर आणखी वर्षभर राहणार.

घरी जाताना ती नवऱ्याला किनाऱ्यावर घेऊन गेली. ओहोटी होती. दोरापलीकडच्या काळ्या गाळावर भोके उघडत होती. एक, मग त्याच्या अलीकडे दुसरे, जणू आतून कोणीतरी त्यांच्या दिशेने चालत येत होते. तो वाकला आणि त्याने सवयीने दोराखालून गाळात बोटे घातली. तिने मनगट धरले.

"अगं, जिवंत आहे हे."

"आहे. पण तेलातच वाढलंय. त्याच्या पोटात काय आहे, ते अजून कोणाला माहीत नाही. आणि दोर निघाला की इथल्या शिंपल्यांचा पहिला घास तुम्हीच घेणार."

त्याने हात मागे घेतला, पण तो उठला नाही. काही वेळाने दोराच्या अलीकडे, त्यांच्या पावलांमध्ये, एक भोक उघडले.