पालथा घातलेला पेला

मी सातवी नापास. लिहिताना हात अडखळतो, पण हे दुसऱ्या कुणाला लिहू देणार नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. बेंगळुरात मशीनच्या कारखान्यात मी फिटर होतो. लेथचा बेड, म्हणजे खालचा लोखंडी पाया, हातानं खरवडून सपाट करायचा, हे माझं काम. जर्मनीहून नवं मशीन यायचं होतं. ते तिकडंच जाऊन तपासायला साहेबांनी बरोबर मला नेलं. इंजिनियर सोडून मला!

निघताना राजाजीनगरच्या घरात बायकोनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"एक थेंब नाही. म्हणा."

म्हटलं. तिचं काय चुकलं? सारायी, इथली देशी दारू, पिऊन मी दोनदा गटारात पडलो होतो. उचलायला तीच आली होती.

तिथं मशीनच्या बेडवर एक जागा मला खटकली. त्यांचाच स्क्रेपर घेऊन मी ती नीट केली. त्यांच्या म्हाताऱ्या फिटरनं सपाटी तपासायचा निळा रंग लावून बघितलं, पाठीवर थाप मारली आणि संध्याकाळी आम्हाला एका घरी नेलं.

त्या गावात बिअरची भट्टी सगळ्यांची मिळून एक. ज्या घरची पाळी, ते दारावर खूण म्हणून सहा टोकांची चांदणी टांगतं आणि लोकांना आत बसवून आपली बिअर पाजतं. घरची आजी पेला घेऊन स्वतः आली. मी हात मागं घेतला.

साहेब म्हणाले, "अण्णा, बाईनं घरी केलंय. घे."

घेतला. गढूळ, भाजलेल्या भाकरीच्या वासाची, मागून मेथीसारखी कडू. असं चांगलं मी जन्मात प्यालो नव्हतो. आजी दुसरा भरायला आली, तेव्हा मी पेला पालथा घातला. ती हसली.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी बायकोला सांगून टाकलं.

"किती?"

"एक."

"दुसरा दिलाच असेल त्यांनी."

"दिला. पेला पालथा घातला."

तिनं माझा हात पुन्हा आपल्या डोक्यावर ठेवला. "सरी, बरं. आता एकावर थांबायची शपथ घ्या."

पुढं गल्लीतल्या प्रत्येक अक्काला सांगत सुटली, "आमच्या यांनी परदेशात पेला पालथा घातला!" लेथचं कौतुक तिनं कुणाला सांगितलं नाही.

ती जाऊन चार वर्षं झाली. परवा मुलानं पबात नेलं. दुसरा मागवू लागला तेव्हा मी पेला पालथा घातला, टेबलावर फेस सांडला.

"बाबा, आता कोण बघतंय?"

मी म्हटलं, "फडकं माग."