लीलाबाईंचं दहावं नख

लीलाबाईंनी किमयाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी हातातला विळा घट्ट आवळला आणि मनातल्या मनात नृसिंहाचा धावा सुरू केला. मग लक्षात आलं की धावा करून उपयोग नाही, कारण खुद्द नृसिंहच फाटकात उभा आहे. निदान नखांवरून तरी तसंच दिसत होतं. एकेक नख बोटभर लांब, जांभळं, वर खडे जडवलेले, आणि टोकं अशी, की हिरण्यकश्यपूला उंबरठ्यापर्यंत न्यायचीसुद्धा गरज पडली नसती, अंगणातच काम उरकलं असतं. गोठ्यातल्या म्हशीनं ती नखं पाहिली आणि तीन दिवस पान्हा चोरला. कुत्रा ट्रॅक्टरखाली शिरला तो दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आला. लीलाबाईंचे मालक हैबतराव उघड्या अंगानं खाटेवर बसले होते, त्यांनी हळूच पोटावर उपरणं ओढून घेतलं.

"काकू, रस्त्याकडचा गाळा भाड्यानं द्यायचाय ना?" नृसिंहानं गोड आवाजात विचारलं.

किमया लातूरकडची. नवरा हिंजवडीला कॉम्प्युटरवर बसायचा आणि ती पिरंगुटच्या बाजारात गाळा मिळेना म्हणून पुढे भरे गावापर्यंत आली होती. धंदा विचारल्यावर ती म्हणाली, "नखं बसवते."

"कुणाला?"

"बायकांना."

"आन् त्यांची सोताची कुटं गेली?" लीलाबाईंनी विचारलं. पण विळा खाली ठेवला. ज्या बाईला एवढी नखं घेऊन फाटकाची कडी उघडता आली, ती बाई कामाची असणार, एवढं त्यांना कळत होतं.

गाळा किमयाला मिळाला आणि लीलाबाईंना दीड वर्षं पुरेल एवढा विषय मिळाला. "नखवाली, आज किती वाघिणी सोडल्यास गावात?" असं विचारल्याशिवाय त्या गाळ्यासमोरून कधी पुढे गेल्या नाहीत. त्यामुळे गेल्या जूनमध्ये, भर दुपारी, पदर नाकापर्यंत ओढून त्या गाळ्यात शिरल्या आणि त्यांनी आतून शटर अर्धं ओढलं, तेव्हा किमयाला वाटलं, गावात काहीतरी अघटित घडलं.

"काकू, काय झालं?"

लीलाबाईंनी पदराखालून दोन्ही हात काढले आणि टेबलावर ठेवले. "ह्यांचं काय हुतंय का बघ."

त्या हातांची हकीकत अशी. ओमचं, म्हणजे लीलाबाईंच्या मुलाचं, त्याच्या ऑफिसातल्या जुईलीशी ठरलं होतं. मुलगी पसंत, माणसं चांगली. पण लीलाबाई कोथरूडला त्यांच्या घरी गेल्या तेव्हा जुईलीच्या आईनं, सुनीतीबाईंनी, चहाचा कप पुढे केला आणि लीलाबाईंना पहिल्यांदा चहा दिसलाच नाही. दिसली ती कपामागची नखं. गुलाबी, एकसारखी, सोललेल्या बदामासारखी. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या बाईची नखं. लीलाबाईंनी आपले हात पदराखाली नेले आणि दोन तास बाहेर काढले नाहीत. चहा निवला. पोहे निवले. सुनीतीबाई परत परत "घ्या ना" म्हणत राहिल्या आणि लीलाबाई "उपास हाय" म्हणत राहिल्या. वार मंगळवार होता, देव कुठला ते त्यांनाही माहीत नव्हतं. आता साखरपुडा भऱ्याला, त्यांच्याच अंगणात होता. विहिणीची ओटी त्यांनीच भरायची होती, आणि पदराखालून ओटी भरता येत नाही.

"ओंजळ म्होरं करायची म्हंजी नखं दिसनार," त्या म्हणाल्या. "पोराला खाली बगायला लागू नये, एवडंच."

किमयानं त्या हातांकडे पाहिलं. दहा नखं आणि दहा तऱ्हा. उजव्या तर्जनीचं चाळीस पावसाळ्यांच्या भातलावणीनं झिजून चंद्रकोर झालेलं. करंगळीचं हळदीनं कायमचं पिवळं. डाव्या अंगठ्याचं लहानपणी विळ्यानं दुभंगलेलं, ते तसंच दोन वाटांनी वाढत आलेलं. दीड वर्षाचे सगळे टोमणे परत करायची संधी समोर होती. किमयानं ती घेतली नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली.

"काकू, नखं तीन तऱ्हेनं बसतात. एक, आख्ख्या नखावर. दुसरं, अर्ध्या नखावर चिकटवायचं आणि वरून जेलचा थर द्यायचा. तिसरं, फक्त टोकाला."

लीलाबाईंनी क्षणभर विचार केला. भातलावणीतून उरलेलं आयुष्य त्यांनी खोल्या बांधून भाड्यानं देण्यात घातलं होतं. "म्हंजी आख्खं छप्पर, निस्ती पडवी, न्हाईतर वळचनीला पत्रा."

"अगदी तसंच."

"मग छप्परच घाल बाई. हितं भिंतीच पडक्या हायेत, पडवी कशाच्या जिवावर उभी ऱ्हानार?"

मग आकार आला. किमयानं नमुन्यांचा पंखा उघडला. चौकोनी, बदामी, टोकदार. एक वरून रुंद आणि खाली निमुळता होता, त्याला काय म्हणतात विचारल्यावर तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, "कॉफिन. शवपेटी."

"साखरपुड्याला?" लीलाबाई म्हणाल्या. "ती आमच्या मालकांच्या भावकीला ठेव."

बदामी ठरलं. आखूड आणि फिकं गुलाबी, कुणी मुद्दाम पाहिल्याशिवाय कळू नये असं. किमयानं कानस घेऊन नखांवरची चमक काढली, कडेची कातडी मागे सारली, स्पिरिटनं पुसलं. मग मापं लावायला घेतली. डब्यात शून्यापासून नऊपर्यंत कप्पे होते. नख कडेपासून कडेपर्यंत बसलं पाहिजे. दोन मापांच्या मध्ये अडकलं तर मोठं घ्यायचं आणि बाजूनं घासून कमी करायचं. लीलाबाईंना हे पटलं. कुदळीला दांडा असाच बसवतात. गोंद लावून किमया नख तिरकं टेकवायची, हळूहळू खाली दाबायची म्हणजे आत हवा राहत नाही, आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायची.

"कासार बी येवडा हात धरत न्हाई," लीलाबाई लाजून म्हणाल्या.

आठ नखं सुतासारखी बसली. अंगठे मात्र अडले. त्यांना सगळ्यात मोठं, म्हणजे शून्य नंबरचं नखसुद्धा मधल्या मध्ये बसायचं, दोन्ही बाजूंनी शेत मोकळंच. किमयानं कपाळ खाजवलं आणि मग खालच्या खणातून वेगळं पाकीट काढलं.

"ह्ये निराळं कसलं?"

"काकू, कुणाला सांगायचं नाही. ही पायाच्या अंगठ्याची आहेत."

लीलाबाई एवढ्या हसल्या की हातातलं करंगळीचं नख परत बसवावं लागलं. हसू थांबल्यावर किमयानं बजावलं, "उद्यापर्यंत पाण्यात हात नाही. आणि साखरपुडा होईपर्यंत कणीक तिंबायची नाही, भाकरी तर अजिबातच नाही. गरम उकडीनं गोंद सुटतो."

"व्हय," लीलाबाई म्हणाल्या. मुळशीत 'व्हय' म्हणजे ऐकलं. पाळीन, असा त्याचा अर्थ कुणी कधी केलेला नाही.

हैबतरावांच्या नजरेला नखं दोन दिवसांनी पडली. ते बराच वेळ बायकोच्या हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आज हात धुतलास व्हय?"

साखरपुड्याच्या दिवशी आचारी होता, जेवण होतं, सगळं होतं. पण आचाऱ्यानं तांदळाची पहिली भाकरी थापली आणि लीलाबाईंना ती बघवेना. ती भाकरी नव्हती, जोतं होतं. "सरक रं बाजूला," म्हणून त्यांनी परात ओढून घेतली. कोथरूडला सुनीतीबाई सहज म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडची तांदळाची भाकरी खायचीय." वाफाळत्या उकडीत त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत गेले. जाऊ चंद्राबाई शेजारी तव्याशी बसली होती. साठ भाकऱ्या झाल्या, एकीहून एक पातळ.

मग ओटी. अंगणात सगळे उभे होते. सुनीतीबाईंनी पदर पसरला. लीलाबाईंनी खण ठेवला, नारळ ठेवला आणि तांदळाची ओंजळ उघडी, सगळ्यांसमोर पुढे केली. एकदा, दोनदा, तीनदा, पाचदा. मांडवातल्या उजेडात बोटं दिसत होती आणि त्यांनी ती लपवली नाहीत. ओमनं खाली पाहिलं नाही. मोबाइलमध्ये फोटोसुद्धा निघाला.

फोटो निघाल्यावर लीलाबाईंनी कुंकू लावलेला हात पुसायला घेतला आणि त्यांना डावा अंगठा दिसला. दोन वाटांचं जुनं नख त्यांच्याकडे बघून हसत होतं. छप्पर उडालं होतं.

पंगत बसायला दहा मिनिटं होती. उकड! त्या स्वयंपाकघरात धावल्या, भाकऱ्यांची चळत पुढे ओढली आणि एकेक भाकरी उजेडात धरून मोडायला लागल्या.

"वैनी, अवं काय करताय?" चंद्राबाईनं विचारलं.

"आपल्यात साखरपुड्याला भाकरी मोडूनच वाडत्यात."

"कवापासनं?"

"आजपासनं म्हन, पन मोड!"

चंद्राबाईनं चाळीस वर्षांत जावेचा हुकूम मोडला नव्हता, म्हणून भाकरी मोडली. बाहेर बातमी गेली. हैबतरावांनी पाहुण्यांना खुलासाही देऊन टाकला, की ही पद्धत फार जुनी आहे, भाकरी मोडली की दोन्ही घरं एक होतात. जुईलीच्या काकांनी ते वहीत लिहून घेतलं. आत लीलाबाई शेवटच्या भाकरीपर्यंत आल्या होत्या. एकोणसाठ भाकऱ्या मोडल्या आणि साठावीतही नख नव्हतं. म्हणजे कुठल्यातरी तुकड्यात ते नजरेतून सुटलं असणार. आता कोथरूडचा कुठलातरी दात खाडकन वाजणार आणि पुढची चाळीस वर्षं ओमच्या सासरी भऱ्याच्या भाकरीत नखं निघतात ही कथा चालणार.

दारात सुनीतीबाई उभ्या होत्या. एका हातात ओटीचा पदर, दुसरी मूठ बंद.

"लीलाताई, हे ओटीच्या तांदळात होतं."

मुठीत गुलाबी नख होतं. लीलाबाईंचा हात आपोआप पदराखाली गेला.

सुनीतीबाईंनी नख उजेडात फिरवलं आणि आवाज खाली आणला. "पायाचं आहे ना?"

लीलाबाईंनी नुसती मान हलवली.

"मलाबी पायाचंच लागतं," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि एका वाक्यात त्यांचं कोथरूड गळून पडलं. "माझं म्हायार वेल्ह्याचं. लगीन होस्तवर लावणी क्येली. बँकेत तीस वर्षं कुनाला अंगठा दाकवला न्हाई." त्यांनी आपला अंगठा पुढे केला. गुलाबी, बदामी, आणि रुंदीला थेट लीलाबाईंच्या मापाचा.

लीलाबाईंनी पदराखालचा हात बाहेर काढला. चंद्राबाई बघत होती ते बघतच राहिली. दोन विहिणी अंगठ्याला अंगठा लावून परातीशी बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग सुनीतीबाईंनी एक तुकडा मोडक्या भाकरीचा उचलला आणि बसल्या बसल्याच खाल्ला.

"ह्यात तर न्हाई ना आनिक एकादं?"

"बाकीची नऊ हायेत, मोजा," लीलाबाईंनी दोन्ही हात पुढे केले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावणी आली. आदल्या दिवशी किमयानं ती नऊ नखं ॲसिटोनमध्ये भिजवून काढली. खाली जुनीच नखं होती.