दादाने आज नीलेशलाही बोलावलं

मंडळी, आज सकाळी पावसच्या बागेतून दादाचा फोन आला. "जेवायला ये. नीलेशलापण आण."

नीलेश माझा जोडीदार. नऊ वर्षं आम्ही रत्नागिरीत एकत्र राहतोय, पण दादाने त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. मला संधिवात आहे, बोटं वाकडी झालीत. आता बागेतला माझा हिस्सा सोडल्याची सही हवी असणार, हाच पहिला संशय आला.

गेलो. वहिनीने नीलेशलाही आग्रहाने वाढलं. माझं लक्ष मात्र कागद कुठे दिसतो का याच्याकडेच.

जेवणानंतर दादाने आंबे उतरवायचा झेला नीलेशच्या हातात दिला. "ह्याच्या हातांना आता हे जमायचं नाही. ह्याच्या वाटणीची कलमं तू बघ. देठ ठेवून काढ, नायतर चीक लागून डाग पडतो."

नीलेश दुपारभर शिकला. कागद निघालाच नाही.

परतताना मी विचारलं, "दादाला नक्की काय हवं असेल?"

"आंबे उतरवायला माणूस," नीलेश हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

दुखणं जडल्यापासून मी बऱ्या दिवसावरही संशय घेतो. घरचे असे अचानक नीट वागू लागले, तेव्हा तुम्ही विश्वास कधी ठेवलात?