भोंग्याचे तीन ठोके

विद्यापीठाच्या देखभाल विभागात आमची चौघांची गँग होती. काम एकच, सामान हलवणं. कपाटं, टेबलं, वर्गातले काळे फळे, तिजोऱ्या, एकदा पियानोसुद्धा. रंगारी वेगळे, नळवाले वेगळे, दिवेवाले वेगळे. जे जागेवर राहतं ते त्यांचं, जे जागेवरून हलवायचं ते आमचं.

गँगचा पुढारी भोंगा. खरं नाव हजेरीच्या वेळी कानावर पडायचं, तेवढंच. एरवी सगळ्या इमारतींत तो भोंगाच. अंगाने बेताचा, मान आखूड, आणि त्या आखूड मानेतून निघणारा आवाज दोन इमारती ओलांडून जायचा.

"हां... आता... घ्या."

हां म्हटलं की हातांची पकड बसली पाहिजे. आता म्हटलं की गुडघे वाकलेले आणि श्वास छातीत. घ्या म्हटलं की वस्तू वर. चौघांचा जोर एकाच क्षणी लागला तर कपाट हलकं होतं. एकजण जरी मागेपुढे झाला तर तेच कपाट त्याच्या कमरेत उतरतं. लोकांना वाटतं, उचलणं हे ताकदीचं काम. ताकद लागते, पण तिचा नंबर दुसरा. पहिला नंबर वेळेचा.

एक प्राध्यापक मला म्हणाले होते, माझ्या तासाला डुलक्या घेणारी पोरं तुमच्या त्या 'घ्या'वर दचकून दप्तर उचलतात. मी म्हटलं, साहेब, आम्ही लांब जाऊन ओरडू. ते म्हणाले, छे, जवळ या.

मी कामाला लागलो त्या दिवशी भोंग्याने मला एक कपाट उचलायला लावलं आणि लगेच खाली ठेवायला लावलं. "पाठ घरी ठेवून येत जा," म्हणाला. "इथे पाय आण." मग आठवडाभर मला फक्त स्टुलं दिली. स्टूल उचलतानाही गुडघे वाकवायचे. येणारे जाणारे हसायचे. भोंगा हसायचा नाही. आज या वयात माझी पाठ सरळ आहे ती त्या स्टुलांमुळे.

कुठलीही वस्तू उचलण्याआधी तो तिच्याभोवती एक फेरी मारायचा, हात तिच्यावर ठेवून. जड कुठल्या बाजूला, पाय कुठला डुगडुगता, सगळं हाताने बघायचा. मग वस्तूशीच बोलायचा. पियानोला म्हणाला होता, "चला बाईसाहेब, तुमच्या खोलीत नेतो." पियानोवर ओरखडा आला नाही.

बाकी दोघांपैकी एक शिडी. उंची तशी. कपाटावरची धूळ त्याला खाली उभं राहून दिसायची. दुसरा जावईबापू. पहिल्या दिवशी इस्त्रीचे कपडे आणि चकचकीत बूट घालून आला, म्हणून नाव पडलं. पुढे कपडे मळले, नाव स्वच्छ राहिलं.

भोंग्याची बायको वसतिगृहाच्या लाँड्रीत होती. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. चादरी धुणं, वाळवणं, घड्या घालणं, हे तिचं काम. आम्ही तिकडून गेलो की ती हाक मारायची. "भावजी, हा माणूस घरी तोंड उघडत नाही. सगळा आवाज कपाटांवर संपवून येतो. मला काय, उरलंसुरलं."

मग भोंग्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली, धोका टळला, डॉक्टर खूश होते. पण गाठीबरोबर आवाजही गेला. राहिली ती नुसती फुंकर. बोलायचा तेव्हा समोरच्याने कान जवळ न्यावा लागायचा. घशावर जोर द्यायचा नाही, बाकी शरीर ठणठणीत, उचलायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

वहिनी म्हणाली, "आता घरी बोलतात. कानाशी येऊन बोलतात. या वयात."

तो आजारपणातून परत आला त्या सकाळी आम्ही तिघं वर्कशॉपच्या दारात उभे होतो. आमच्या सुपरवायझर बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली. तिथेच मला कळलं की काहीतरी बिनसणार. भोंग्याला कुणी खुर्ची देत नसे.

"तुम्हाला किल्ल्यांच्या खोलीत देते," बाई म्हणाल्या. "बसून काम. यायचं, किल्ली द्यायची, परत घ्यायची."

भोंग्याने मान हलवली. नाही म्हणून.

"ऐका माझं. जिन्यात चौघं असताना काही निसटलं तर ओरडणार कोण? पुढारी तुम्ही. तुम्हालाच ओरडता येत नसेल तर मी या तिघांना तुमच्याबरोबर कशी पाठवू?"

बाई वाईट नव्हत्या. स्वतः रंगाऱ्यांच्या शिडीवरून वर आलेल्या. त्यांचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं, हीच अडचण होती.

"पहिल्या तारखेला फळ्यावर लिहिते," त्या म्हणाल्या.

वर्कशॉपच्या भिंतीवर एक काळा फळा होता. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाई त्यावर खडूने विभागाच्या बातम्या लिहायच्या. कोण निवृत्त होतंय, कुणाला मुलगी झाली, कोण कुठल्या कामावर गेलं. एकदा फळ्यावर आलं की ते झालं. फळ्यावर आलेली बदली मागे फिरलेली आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती.

भोंगा किल्ल्यांच्या खोलीत गेला. खोली म्हणजे एक खिडकी, एक खुर्ची आणि भिंतभर खिळे. त्याने सगळ्या किल्ल्या पुसल्या, वजनाप्रमाणे लावल्या. वजनाप्रमाणे लावलेली किल्ली कुणाला सापडणार? लोक खिडकीपाशी खोळंबायला लागले. मी डोकावलो तर तो एक भलीमोठी किल्ली तळहातावर तोलत बसला होता.

"कसं आहे?" मी विचारलं.

मी कान जवळ नेला. "हलकं," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात मोठं काम आलं. बैठकीच्या हॉलमधलं लांब टेबल नव्या इमारतीत वर न्यायचं होतं. एकसंध लाकूड, सुटे भाग नाहीत, लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्यानेच न्यायचं आणि जिन्याला मध्ये वळण. चौथा माणूस म्हणून बाईंनी माळी दिला. माळी बागेत सोन्यासारखा, झाड मुळासकट काढायचा. पण पाठीने काढायचा. त्याला वाकताना पाहिलं आणि माझ्याच कमरेत कळ आली.

हाळी शिडीने द्यायची ठरलं.

"एक, दोन, तीन," शिडी म्हणाला.

जावईबापूने तीनला उचललं. मी तीन झाल्यावर उचललं. माळ्याने बहुधा दोनलाच सुरुवात केली होती. टेबल घोड्यासारखं उधळलं आणि दाराच्या चौकटीला जाऊन बसलं.

"तीनला की तीननंतर?" जावईबापूने विचारलं.

"तीन म्हणजे तीन," शिडी म्हणाला.

"तेच विचारतोय."

मग मी हाळी दिली. भोंग्याचेच शब्द, हां, आता, घ्या. सगळा श्वास ओरडण्यात गेला आणि उचलायला काही उरलं नाही. तेव्हा कळलं, तो इतकी वर्षं दोन्ही एका श्वासात करत होता. टेबल कसंबसं जिन्याच्या पायथ्यापर्यंत गेलं आणि माळी कमरेवर हात ठेवून खालीच बसला.

"उठता येतंय का?" शिडीने विचारलं.

"येतंय. पण उठावंसं वाटत नाहीये."

टेबल तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर चहाची किटली ठेवली. दुपारपर्यंत नळवाले चारी बाजूंनी बसून डबे खात होते आणि जागा फार छान निवडली म्हणून आम्हाला शाबासकी देत होते.

टेबलाच्या कडांना गुंडाळायला जुन्या चादरी हव्या होत्या, म्हणून मी लाँड्रीत गेलो. जेवणाची सुट्टी होती. भोंगा किल्ल्यांची खिडकी बंद करून तिथे आला होता. तो आणि वहिनी चादरीच्या घड्या घालत होते. ती एका टोकाला, तो दुसऱ्या. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. वहिनी तर मागे वळून कुणाशीतरी बोलत होती. चादर ताणली जायची, अर्धी व्हायची, दोघं जवळ यायचे, कोपरे जुळायचे, घडी व्हायची. मग दुसरी.

मी बघत राहिलो. "वहिनी, तुम्ही तिकडे बघताय, मग यांचं पाऊल कधी पडतं ते कसं कळतं?"

"त्यात काय कळायचंय? यांनी ओढलं की माझ्या हाताला लागतं. तोंडाने सांगत बसले तर संध्याकाळपर्यंत दहा चादरी होतील."

भोंगा थांबला. हातातल्या चादरीकडे त्याने पाहिलं. मग त्याने आपलं टोक जरासं हिसकलं. पलीकडे वहिनीचा हात उडाला. त्याने पुन्हा हिसकलं.

"अहो, काय खेळ मांडलाय? फाटेल."

त्याने चादर तिच्या अंगावर टाकली, माझी बाही धरली आणि मला ओढत नव्या इमारतीत नेलं. मागून वहिनी ओरडली, "अहो, घडी कोण घालणार?"

टेबलापाशी आल्यावर भोंग्याने आधी किटली उचलून नळवाल्यांच्या हातात दिली. मग टेबलाभोवती हात ठेवून फेरी मारली. मला एका टोकाला उभं केलं, माझे दोन्ही तळवे कडेखाली बसवले. स्वतः दुसऱ्या टोकाला गेला. त्याने खालून, बोटाच्या पेराने, लाकडावर टकटक केली.

माझ्या तळहाताला ते लागलं. कानाला फारसं नाही. हाताच्या हाडात लागलं.

एक ठोका, हात बसले. दुसरा ठोका, गुडघे वाकले. कुणी काही सांगितलं नव्हतं. माझे गुडघे आपोआप वाकले. तिसऱ्या ठोक्याला मी वर आलो आणि पलीकडे तोही वर आला. दोघांनी मिळून त्या अजस्र टेबलाचे चारही पाय उचलणं शक्य नव्हतं, पण ते करकरलं, आणि करकरलं ते दोन्ही टोकांनी एकाच क्षणी.

मी शिडीला आणि जावईबापूला बोलावून आणलं. पुढचे दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही तेवढंच केलं. उचल, ठेव. उचल, ठेव. तळहाताची थाप म्हणजे आहे तिथे थांब. टाच आपटली म्हणजे टेकव. जावईबापू म्हणाला, "लग्नाआधी इतकी तालीम झाली असती तर संसार सुखाचा झाला असता."

पहिली तारीख उजाडली. बाई सकाळी लवकर येऊन फळा लिहून गेल्या होत्या. वरच होतं, आमच्या गँगचे पुढारी किल्ल्यांच्या खोलीत, त्यांना शुभेच्छा. भोंग्याने वाचलं. तडक जिन्याकडे चालायला लागला. आम्ही मागोमाग. मी वाटेत बाईंना बोलावलं.

"एकदा बघा," मी म्हटलं. "मग शुभेच्छा द्या."

बाई वळणावर जाऊन उभ्या राहिल्या. "मी मध्येच हाताने खूण करीन थांबायची. ती यांना एकट्यांनाच दिसेल. चौघं थांबलात तर बघू."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर फरशी घासायचं मशीन सुरू झालं. असला घर्रर्र आवाज की शेजारी उभ्या शिडीचे ओठ हलताना दिसत होते, शब्द काही नाही. बाईंनी मशीन बंद करायला सांगण्यासाठी वर तोंड केलं. भोंग्याने हात हलवून नको म्हटलं.

टक. टक. टक.

टेबल वर आलं. मला माहीत असलेलं सगळ्यात जड लाकूड, आणि ते पाळण्यासारखं वर आलं. पायरी, पायरी, पायरी. वळणावर शिडीने आपली बाजू डोक्यावर घेतली, त्यासाठीच देवाने त्याला लांबवला होता. टेबल अर्धं वळलं आणि माझ्या तळव्याला थाप लागली. मी थांबलो. टेबलाला धक्का नाही, हिसका नाही. मला बाई दिसत नव्हत्या, मशीनशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पण चौघं थांबलो होतो, लाकूड आमच्या हातात शांत होतं, आणि पुढच्या टोकाला भोंगा हसत होता. उचलताना हसायचं नाही हा त्याचाच नियम. त्या दिवशी त्याने तो मोडला.

पुन्हा टकटक. टेबल हॉलमध्ये गेलं. टाच आपटली, टेकवलं. चौकटीला लागलं नाही, भिंतीला लागलं नाही.

बाईंनी खाली येऊन फळ्यावरची वरची ओळ तळहाताने पुसली. मग खडू हातात घेऊन विचार करत राहिल्या.

"किल्ल्यांच्या खोलीला मात्र माणूस लागेल," त्या म्हणाल्या.

"माळी आहे," शिडी म्हणाला. "त्याला अजून उठावंसं वाटत नाहीये."

बाईंनी लिहिलं, सामान हलवणाऱ्या गँगचे पुढारी आजपासून पूर्ववत कामावर. माळी कंबर बरी होईपर्यंत किल्ल्यांच्या खोलीत. वर्गांना विनंती, यापुढे टेबलं आवाज न करता येतील, जपून चालावे.

वहिनी लाँड्रीतून धावत आली होती, खांद्यावर घडी न घातलेली चादर तशीच. तिने फळा वाचला. "म्हणजे आता घरीही बोलणार आणि कामावर जोरही काढणार," ती म्हणाली. "मला दोन्हीकडून फायदा."

कुणीतरी चहा आणला. आम्ही तिघं कप घेऊन फळ्यासमोर उभे होतो, तेच तेच पुन्हा वाचत. भोंगा फळ्याजवळ गेला. त्याने फळ्याभोवती हात फिरवला, जड कुठली बाजू ते बघितलं, आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली. एक. दोन.

दुसऱ्या ठोक्याला आमचे तिघांचेही गुडघे वाकले होते.

त्याने तिसरा मारलाच. माझा चहा सांडला, शिडीचाही सांडला. जावईबापूचा कप तेवढा सरळ राहिला. मग मान्य करावं लागलं की तिघांत नीट उचलतो तो तोच.