स्तामेनाच्या हातचा चहा

आमच्याकडे धडधाकट माणूस चहा पीत नाही. सकाळी कॉफी, जेवणाआधी घोटभर रकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू, आणि चहा फक्त आजाऱ्याला. खाणावळीत बसून कुणी चहा मागितला, तर वाढपी आधी विचारतो, "काय होतंय तुम्हाला?" आणि हा चहा म्हणजे तरी काय, डोंगरावरची वाळवलेली फुलंपानं उकळत्या पाण्यात टाकायची, झाकून ठेवायची आणि गाळायची. ओझ्रेन डोंगराच्या उतारावरच्या आमच्या गावात तो स्तामेनाच्या घरून यायचा. त्याच चहानं तिचा मुलगा गेला, हे तिनं स्वतः घरोघर जाऊन सांगितलं, आणि तेव्हापासून गावात ज्याला त्याला मत फुटलंय. त्या शहाण्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की चहाला आम्ही कधी औषध म्हटलंच नव्हतं. पाण्याला कुणी औषध म्हणतं का?

मी लेपोसावा. स्तामेनाच्या वितोमिरला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांवर धरलं, म्हणून त्या घरची मी कुमा. रक्ताचं नातं नाही, पण आमच्याकडे हे नातं रक्ताच्या वरचं धरतात. माझी जीभ सैल आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तरी एक गोष्ट मी वर्षानुवर्षं पोटात ठेवली, आणि तिनं आतून माझं काय केलं ते माझं मला ठाऊक.

स्तामेना ठेंगणी, गुबगुबीत आणि हुकूम सोडणारी. नवरा दगडखाणीत लवकर गेला, तेव्हा वितो जेमतेम चालायला लागला होता. तिनं शेळ्या पाळल्या, लोकांची अंथरुणं धुतली, आणि उन्हाळ्यात डोंगर पालथा घातला. फुलं खूप प्रकारची आणायची, पण जीव तिचा कांतारिओनवर. पिवळं, पाच पाकळ्यांचं, अगदी साधं फूल. पान उजेडाकडे धरलं की टाचणीनं भोकं पाडल्यासारखं दिसतं, आणि कळी चुरडली की बोटं लाल होतात. इवानदानच्या सणाला आम्ही त्याच्या माळा फाटकाला बांधतो. स्तामेना दव वाळल्यावर निघायची, नुसते शेंडे खुडायची, आणि मी कधी मुळासकट उपटलं तर हातावर फटका द्यायची.

"पुढच्या वर्षी काय खाणार आहेस, कुमा? माती?"

अर्धी फुलं माळ्यावर वाळायची, चहासाठी. अर्धी काचेच्या बरणीत तेलात बुडून खिडकीत उन्हाला बसायची. उन्हाळा सरता सरता तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल व्हायचं. भट्टीवाल्याच्या सुनेचा हात भाजला तेव्हा या तेलानं व्रणसुद्धा राहिला नाही. भेगाळलेल्या टाचा, बाळांचे लाल झालेले कुल्ले, बाळंतिणीचं पोट, सगळ्यांना तेच. लग्न ठरलेल्या मुली तोंडाला लावायला न्यायच्या, आणि स्तामेना प्रत्येकीला बजावायची, "रात्री लाव आणि सकाळी धुऊन टाक. लावून उन्हात गेलीस तर डाग पडतील, मग नवरदेव मला शिव्या घालील. ह्या फुलाचं उन्हाशी वाकडं आहे." उन्हातच पिकणाऱ्या तेलाचं उन्हाशी वाकडं, याची तिला मोठी गंमत वाटायची. त्या फुलाचा स्वभाव आपल्याला पुरता कळलाय, असं तिला वाटायचं. आम्हालाही तेच वाटायचं.

वितो विजेच्या खांबांवर चढायचा. बोलका, आईसारखाच. तिशी ओलांडली आणि त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. मग डायलिसिस. दिवसाआड पहाटे गाडी यायची, आणि संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखं होऊन पोर परत यायचं. स्तामेनाची किडनी त्याला जुळते असं कळलं, त्या दिवशी ती माझ्याकडे नाचतच आली.

"दोन आहेत मला. एक कशाला ठेवायची, पाहुण्यांसाठी?"

वसंतात ऑपरेशन झालं. शेजारशेजारच्या खोल्यांत दोघं झोपलेली, आणि मी मध्ये येरझाऱ्या घालत होते. घरी आल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल, तर तेलाची बरणी काढली. जखमा पुरत्या भरल्या, डॉक्टरांनी हो म्हटलं, मग रोज रात्री आधी त्याच्या पोटावरच्या व्रणाला आणि मग स्वतःच्या कुशीतल्या व्रणाला लावायची. वितो म्हणायचा, "कुमा, आईची किडनी बसवल्यापासून मला सारखं कोंबड्यांवर ओरडावंसं वाटतं." आणि ती म्हणायची, "माझा माल आहे तो. रकियाला शिवलास तर परत काढून घेईन." आम्ही तिघं किती हसायचो.

तिनं त्याला डोळ्यांत तेल घालून जपलं. इस्पितळातून निघताना बजावलं होतं, आम्हाला विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही. स्तामेनानं ते देवाच्या वाक्यासारखं धरलं. एकदा त्याचं डोकं ठणकत होतं, मी पर्समधून गोळी काढली, तर तिनं ती माझ्या हातातून घेऊन शेगडीत टाकली. नवी किडनी टिकावी म्हणून दिलेल्या गोळ्यांच्या वेळेला घड्याळासमोर उभी राहायची, त्याला जीभ बाहेर काढायला लावायची.

पण त्या गोळ्या जहाल. पोराची झोप उडाली. रात्रभर खोलीत फिरायचा, भिंतीशी तोंड करून रडायचा. खांबावर चढणारा माणूस, आणि बूट कुठे ठेवले म्हणून रडतोय. आता असं कुणी आमच्या गावात रडायला लागलं, तर त्याला काय देतात? कांतारिओनचा चहा देतात. मन हलकं होतं, झोप येते. माझा नवरा गेला तेव्हा मलाही तिनं तोच पाजला होता. तिनं वितोला सकाळी एक कप आणि निजताना एक कप सुरू केला. थोड्याच आठवड्यांत पोर झोपायला लागलं. अंगणात गाणं म्हणायला लागलं. स्तामेना कुंपणाशी येऊन मला कुजबुजून सांगायची, "ऐक, ऐक, गातोय."

पानगळीत त्याचे पाय सुजले. मग तोंड. इस्पितळात नेलं तोवर किडनी जवळजवळ बंद पडली होती.

डॉक्टरीणबाईनं स्तामेनाला विचारलं, "गोळ्या चुकवतो का हा?"

"एकही नाही. मी समोर उभी असते."

"दुसरं काही औषध?"

"देवाशपथ, काही नाही. डोकेदुखीचीसुद्धा गोळी दिली नाही मी." आणि ती खरंच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी ती त्याचे धुतलेले कपडे आणायला गावाकडे गेली, तेव्हा त्याच्यापाशी मी बसले होते. डॉक्टरीणबाई पुन्हा आली आणि खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "तू गोळ्या घेतोस, आणि तुझ्या रक्तात औषध सापडत नाही. ते जातंय कुठे? सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं, सगळं सांग. पाण्यापासून सांग."

वितो सांगत गेला. पाव, सूप, उकडलेलं कोंबडं. "आणि आईचा चहा."

"कसला चहा?"

त्यानं नाव सांगितलं. बाईनं हळू आवाजात समजावलं. हा चहा शरीराला असं काही करतो, की ते गोळ्यांचं औषध काम होण्याआधीच बाहेर टाकतं. औषध नाही, म्हणून शरीरानं किडनी परकी समजून मारली. रागावली नाही बाई, रागावली असती तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर वितोनं माझं मनगट धरलं. हात सुजलेला होता, पण पकड जुनीच, खांबावरची.

"कुमा, आईला कळता कामा नये."

"अरे पोरा..."

"तिनं आपलं पोट फाडून दिलं मला. हे कळलं तर ती जगेल का? तू मला बाप्तिस्म्याला धरलंयस. शपथ घे."

घेतली. डॉक्टरीणबाईलाही त्यानं गळ घातली. ती आधी तयार नव्हती, पण शेवटी म्हणाली, "आजारी तू आहेस. सांगायचं की नाही, तू ठरव."

पुन्हा डायलिसिस, पुन्हा पहाटेची गाडी. घरी आला त्या संध्याकाळी मी तिथेच होते. स्तामेनानं कप आणून त्याच्यासमोर ठेवला. वितोनं माझ्याकडे पाहिलं, कप उचलला, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. मग कप पुढे करून म्हणाला, "आई, आणखी आहे?"

फाटकाशी मी त्याला गाठलं. "वेड लागलंय का तुला?"

"डायलिसिसवाल्या डॉक्टरांना विचारलंय मी. आता त्यानं काही बिघडत नाही. बिघडायला उरलंय काय?" तो हसला. "आणि एकदम सोडला तर ती विचारेल का सोडला. किती दिवस थाप मारू? पिणं सोपं आहे."

तेव्हापासून तो रोज दुसरा कप मागायचा. पूर्वी कधी मागत नव्हता. स्तामेना मला कौतुकानं सांगायची, "एवढी दुखणी काढली, पण माझ्या चहाची गोडी काही सुटली नाही त्याची." मी मान हलवायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. तिच्या डोक्यात बसलं होतं, की तिची किडनीच कुचकामी निघाली. "म्हातारी, झिजलेली. नासकं दिलं मी पोराला, कुमा. बाजारात कुणी नासकं अंडं देत नाही, आणि मी आई असून दिलं." वितो सांगून थकला, डॉक्टरीणबाईनं सांगून पाहिलं, की किडनी उत्तम होती, कधी कधी होतं असं. "मग बंद का पडली?" असं ती विचारायची. उत्तर होतं, पण देता येत नव्हतं.

दुसऱ्या हिवाळ्यात वितोचं हृदय थकलं आणि झोपेतच तो गेला. त्याच्या उशाशी रिकामा कप होता. तो तिनंच उचलला आणि धुऊन ठेवला.

बरेच उन्हाळे ती डोंगरावर गेली नाही. दर शनिवारी कबरीवर मेणबत्ती, गेलेल्याच्या नावानं शिजवलेले गहू, आणि माझ्यापाशी तेच, नासकं दिलं मी. गेल्या उन्हाळ्यात मीच तिला ओढून नेली. घरात बसून ती वाळत चालली होती. चुकलं की बरोबर केलं, अजून कळत नाही मला. ती फुलं खुडायला लागली, चेहऱ्यावर थोडा रंग आला, आणि गावातले लोक पुन्हा तिच्या दाराशी येऊ लागले.

एका दुपारी ती ओसरीवर पुडी बांधत बसली होती. मी विचारलं, "कुणाला गं?"

"तिहोमिरला. झोप नाही म्हणतो. संध्याकाळी न्यायला येईल."

तिहोमिर म्हणजे आमचा जुना पोस्टमन. त्याच्या हृदयात लोखंडी झडप बसवलेली, आणि रक्त गोठू नये म्हणून रोजची गोळी. मी पुडीवर हात ठेवला.

"ही देऊ नकोस."

"का?"

काहीतरी थाप मारायला हवी होती. एरवी मला दहा सुचतात. पण तिच्याकडे बघून तोंडातून आलं ते तिचंच बोलणं. "ह्या फुलाचं गोळ्यांशी पण वाकडं आहे, स्तामेना. डॉक्टर सांगतात. पोटात हे असलं की गोळीचं काम होत नाही."

"कुठल्या गोळ्यांशी?"

"आहेत काही. झडपेच्या वगैरे."

ती दोरा बोटाला गुंडाळत राहिली. आत कोंबडी शिरली तरी ओरडली नाही. मग म्हणाली, "आणि किडनीच्या?"

आयुष्यभर बडबडले, आणि नेमकं तेव्हा एक "नाही" म्हणता आलं नाही. नुसतं नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. स्तामेना माझं तोंड बघत होती, आणि माझ्या तोंडावर जे होतं ते तिनं वाचलं.

"वितोला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"इस्पितळात होता तेव्हापासून. तू कपडे आणायला गेली होतीस."

"म्हणजे नंतर घरी आला तेव्हा माहीत होतं. आणि प्यायचा."

"प्यायचा. तेव्हा अपाय नव्हता गं त्याचा, त्यानं डॉक्टरांना विचारलं होतं. तुला कळू नये म्हणून प्यायचा."

"दुसरा कप मागायचा," ती म्हणाली. "मीच म्हणायची, बघा, आवडतो त्याला."

मला रडू फुटलं. ती रडली नाही. तिनं पुडी सोडली, फुलं मांडीवर पसरली, आणि त्यांच्याकडे नुसती बघत बसली. मी तिचा खांदा धरला, तर तिनं हळूच माझा हात बाजूला केला. मग तिचा हात एप्रनवरून कुशीकडे गेला, जिथं व्रण आहे तिथं, आणि तिथंच थांबला.

"म्हणजे माझी किडनी चांगली होती," ती म्हणाली.

"चांगली होती," मी म्हटलं.